एका फोटोचे किती घेता?

फोन साधारण असा येतो. ‘नमस्कार साहेब, भोसरीला आपलं फरसाणाचं युनिट आहे. दिवाळीला नवीन पॅकिंग काढतोय. चिवडा, चकली, शेव, असे दहा-बारा आयटम आहेत. एका फोटोचे किती घेता?’

नवखा फोटोग्राफर इथे आकडा सांगून मोकळा होतो. आठशे म्हणतो, समोरचा ‘थोडं बघा ना’ म्हणाला की सहाशेवर येतो आणि फोन ठेवल्यावर हिशोबाला बसतो. विचारणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. तो शेव किलोवर विकतो, पाकिटं छापखान्याकडून हजारी भावाने घेतो. फोटोही नगावर मिळत असेल असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. चुकतं ते उत्तर देणाऱ्याचं. कारण फोटो पाकिटावर छापायचा आहे, ऑनलाइन दुकानाच्या यादीत टाकायचा आहे, की द्रुतगती मार्गावरच्या चाळीस फुटी होर्डिंगवर चढवायचा आहे, हे त्याने विचारलेलंच नसतं. तिन्हीकडे कॅमेरा तोच, लाइट तेच, चकलीही तीच. किंमत मात्र तीच असायला नको.

व्यावसायिक फोटोच्या किमतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: तुमचा दिवस, त्या कामाला लागलेला खर्च आणि फोटोचा वापर. पहिल्या दोन बहुतेक जण कसेबसे वसूल करतात. तिसरी फुकट जाते, आणि आपल्याकडे ती फुकट जाण्याला कायद्याचाच हातभार लागतो. त्याकडे येऊच, पण आधी दिवसाचा हिशोब.

समजा, पुण्यात स्वतंत्र काम करणारा एक फोटोग्राफर आहे. घरखर्चाला महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. कॅमेरे, लेन्स, स्ट्रोब, स्टँड, लॅपटॉप मिळून ६ लाखांचं सामान. ते चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला दीड लाख. जागेचं भाडं, वीज, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, पेट्रोल, सीएची फी यांचे २ लाख १० हजार. आयकर आणि अडीनडीसाठी बाजूला १ लाख २० हजार. बेरीज झाली १० लाख ८० हजार. आकडे तुमचे वेगळे असतील. रत्नागिरीत कमी, अंधेरीत बरेच जास्त. पद्धत तीच.

आता याला दिवसांनी भागायचं. माणूस मनाशी म्हणतो, महिन्याला सोळा-सतरा दिवस तर काम मिळेलच, म्हणजे वर्षाचे २००. भागाकार येतो ५,४००. बाजारात पाच-सहा हजारांत दिवसभर राबणारे जे भेटतात, त्यांनी हिशोब केलाच असेल तर असाच केलेला असतो. पण शूटचा एक दिवस एकटा येत नाही. त्याच्या आधी भेट, जागा बघणं, कोटेशन, सामानाची जमवाजमव असते. त्याच्या नंतर फोटो निवडणं, रीटचिंग, ‘हा जरा उजळ करा’ची फेरी, बिल आणि त्या बिलासाठी केलेले फोन. शूटच्या एका दिवसामागे बिनशूटचे दोन दिवस सहज जातात. त्यात दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांना एकदमच फोटो हवे असतात आणि ऐन पावसाळ्यात, पितृपक्षात फोन शांत. प्रामाणिकपणे मोजलं तर बिलात लावता येतील असे वर्षाचे ९० दिवस निघाले तरी बरं म्हणायचं. १० लाख ८० हजार भागिले ९० म्हणजे १२ हजार.

हे १२ हजार म्हणजे तुमचा दर नव्हे. हा तळ आहे. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही पदरचे पैसे घालून करता, फक्त ते वर्षअखेरीपर्यंत दिसत नाही. नफा, अनुभव, तुमच्या नजरेचं मोल हे सगळं याच्या वर चढवायचं. दर ठरवताना सर्वांत मोठी फसवणूक या दिवसांच्या आकड्यात होते आणि ती आपणच आपली करतो.

सामान झिजतं हेही लोक विसरतात. निकॉनच्या डी८५० या कॅमेऱ्याचं शटर कंपनीने २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. कॅटलॉगच्या कामात दिवसाला ८०० क्लिक सहज होतात. म्हणजे २५० दिवसांचं आयुष्य. त्यानंतर शटर लगेच मोडतं असं नाही, पण तिथून पुढे प्रत्येक शूटला दुसरा कॅमेरा सोबत ठेवावा लागतो, आणि तो काही कुणी फुकट देत नाही.

नगावर दर सांगणं मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. ऑनलाइन विक्रीच्या कामात तीच पद्धत चालते आणि ती सोयीचीही आहे, कारण तिथे फोटो कसा हवा हे आधीच ठरलेलं असतं. अॅमेझॉनवर वस्तूचा मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५, एवढा पांढरा. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरायचा. आणि गिऱ्हाइकाला झूम करून पाहता यावं म्हणून फोटोची लांब बाजू निदान १००० पिक्सेलची हवी. एवढं ठरलेलं असल्यावर नगाचा भाव लावता येतो. फक्त नग म्हणजे काय, ते पाहून लावावा.

टी-शर्ट घ्या. टेबलावर पसरला, इस्त्री फिरवली, वरून कॅमेरा लावला, लाइट एकदा बसवला की दिवसभर हलवायचा नाही. चाळीस नगही होतात. आता त्याच टेबलावर स्टीलचा कुकर ठेवा. त्याच्या फुगीर पोटात सगळी खोली दिसते: खिडकी, ट्रायपॉड, ट्यूबलाइट, फोटोग्राफरचा चौकड्यांचा शर्ट. मग कुकरभोवती बटर पेपरचा तंबू बांधायचा, प्रकाश त्याच्या बाहेरून सोडायचा आणि लेन्सपुरतं भोक ठेवायचं. एवढं केल्यावर कुकर इतका पांढरा होतो, की पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याची कडच हरवते. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करायच्या; त्यांची सावळी रेघ स्टीलवर उमटते आणि कुकरला आकार येतो. पट्टी बोटभर सरकली तरी रेघ जाड होते. हातमोजे न घालता झाकण उचललं की अंगठ्याचा ठसा. काळं हँडल वेगळ्या प्रकाशात, शिट्टी वेगळ्या फोकसला, आणि नंतर संगणकावर सगळं एकत्र. असे सहा-सात कुकर दिवसात झाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं. टी-शर्ट आणि कुकर एकाच भावात धरणाऱ्याने आपला तळ गाठलेला असतो आणि हे त्याला कळलेलंही नसतं. फोनवर संख्या विचारण्याआधी वस्तू कशाची आहे ते विचारा. काच, स्टील, दागिने आणि काळं चकचकीत प्लास्टिक यांना वेगळा दर, आणि तोही नमुना हातात आल्यावर.

आता तिसरी गोष्ट, वापर.

जाहिरातीच्या फोटोचं मोल तो किती लोकांना, कुठे, किती काळ आणि कशावर दिसणार यावर ठरतं. ब्रिटनमधल्या जाहिरात क्षेत्रात दिवसाच्या फीच्या आसपासचा एक मूळ वापरदर धरतात आणि त्याच्या टक्केवारीत प्रत्येक माध्यमाचा, देशाचा, मुदतीचा भाव काढतात. मुदत संपली आणि कंपनीला जाहिरात पुढे चालवायची असली, तर पुन्हा पैसे. आपल्याकडे मोठ्या मुंबईकर एजन्सींना हे चांगलं ठाऊक आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या रोजच्या कामात मात्र ‘फोटो काढला, पैसे दिले, फोटो माझा’ एवढाच व्यवहार असतो.

आणि कायदा याच्याच बाजूने बोलतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढणारा नसून काढायला सांगणारा असतो. हा नियम मूळचा इंग्रजी वळणाचा. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यातही असंच होतं. पण तिथे १९८८ साली नवा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९८९ पासून मालकी फोटोग्राफरकडे आली. अमेरिकेत तर स्वतंत्र फोटोग्राफरने लेखी काही दिलं नसेल तर हक्क त्याचेच राहतात. आपण आपलं जुनंच धरून बसलो. २०१२ च्या दुरुस्तीने फोटोच्या कॉपीराइटची मुदत वाढवून छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं केली, पण पैसे घेऊन काढलेल्या फोटोची मालकी जिथे होती तिथेच राहिली. म्हणजे मुदत तुमच्या आयुष्यावर मोजायची आणि हक्क दुसऱ्याचा! कलम ५७ खाली फोटोवर आपलं नाव सांगण्याचा आणि त्याची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क तेवढा तुमच्याकडे राहतो. त्यातून पैसे येत नाहीत.

याचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. करार नसेल तर पैसे घेऊन काढलेला फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर ‘माझं काम’ म्हणून टाकायलाही काटेकोरपणे पाहिलं तर ग्राहकाची परवानगी लागते. लग्नाच्या फोटोंनाही हेच लागू आहे.

उपाय सोपा आहे. कलमात ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द आहेत, आणि त्या करारासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. कोटेशनमध्ये चार ओळी पुरतात: ‘फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ग्राहकाला हे फोटो स्वतःच्या पॅकिंगवर, वेबसाइटवर व समाजमाध्यमांवर भारतात दोन वर्षं वापरता येतील. होर्डिंग, वर्तमानपत्र व टीव्हीसाठी वेगळी फी. फोटोग्राफर हे फोटो आपल्या कामाचे नमुने म्हणून दाखवू शकेल.’ हे ईमेलवर पाठवायचं आणि शूटच्या आधी ‘मंजूर’ असं उत्तर घ्यायचं. ‘आधी’ला महत्त्व आहे, कारण मालकी कुणाची हे फोटो निघतो त्याच वेळी ठरतं, नंतर बिलाच्या तळाशी छापलेली अट वादात लंगडी पडते. मुदत आणि प्रदेशही लिहायचेच. ते लिहिले नाहीत तर कलम १९ मुदत पाच वर्षं धरतं आणि प्रदेश संपूर्ण भारत.

फरसाणवाल्या मालकापुढे ‘लायसन्स’ हा शब्द काढला तर तो बिचकतो, हेही खरं. त्याला कायदा सांगत बसू नये. तो स्वतः नाशिकची एजन्सी नाशिकपुरतीच देतो. त्या वितरकाने उद्या नगरमध्ये माल टाकला तर हाच मालक भांडायला जातो. तसंच फोटोचं, एवढं सांगितलं की पुरतं. ‘शेठ, या पैशात पाकीट आणि तुमचं फेसबुक-इन्स्टा, दोन वर्षं. होर्डिंग लावलंत तर मला सांगा, त्याचं वेगळं ठरवू.’ यावर चिडलेला मालक क्वचित भेटतो. ‘होर्डिंगचं बघू पुढे’ म्हणणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्यातल्या कुणी खरंच होर्डिंग लावलं तर तुमच्याकडे त्या दिवशी बोलायला कागद असतो.

मोठ्या कंपनीचा करार आला तर त्यात बहुधा ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे’ असं लिहिलेलं असतं. त्यावर सही करायला हरकत नाही. हरकत आहे ती एका दिवसाच्या फीत सही करायला. माझं मत विचाराल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या कुकरसाठी हक्कांची लढाई करू नये. तो फोटो तुम्हाला दुसरीकडे कुठे विकता येणार आहे? तो सरळ देऊन टाका आणि नगाचा भाव नीट घ्या. माणसं, खाद्यपदार्थ, कारखाने, वास्तू यांचे फोटो मात्र वेगळे. त्यांना पत्रकाच्या पलीकडे आयुष्य असतं. मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कंपन्यांसाठी कारखान्यांचे, यंत्रांचे फोटो काढले. ते काम आज कलादालनांत लागतं. गिऱ्हाइकासाठी काढलेला फोटो पुढे काय होईल हे काढताना सांगता येत नाही, म्हणून तो कायमचा देताना आकडा मोठा हवा.

कोटेशन कसं लिहावं याचे नमुने सगळीकडे मिळतात, त्यात फार थांबत नाही. फक्त फी, खर्च आणि वापर या तीन ओळी वेगळ्या दिसू द्या. एकच गोल आकडा दिला की कापाकापी थेट तुमच्या फीवर होते. असिस्टंट, फूड स्टायलिस्ट, स्टुडिओचं भाडं, मॉडेल, मेकअप, प्रवास हा खर्च. तो शक्य तिथे ग्राहकाने थेट द्यावा. याला जीएसटीचं कारण आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, आणि मॉडेलचे ८० हजार तुमच्या बिलातून गेले तर बहुतेक वेळा तेही तुमच्याच उलाढालीत धरले जातात, मग त्यातला रुपयाही तुमच्या खिशात राहिलेला नसो. नोंदणी झाल्यावर फोटोग्राफीवर १८ टक्के कर. ‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द कोटेशनमधून गळले, तर ग्राहक दिलेला आकडा करासकट धरतो आणि ते १८ टक्के तुमच्या फीतून जातात. शिवाय बिल केलं की त्याचा कर ठरल्या तारखेला सरकारला भरायचा. ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. पन्नास टक्के अॅडव्हान्सचा आग्रह धरायला एवढं कारण पुरेसं आहे.

रीटचिंगच्या फेऱ्या किती तेही लिहा. दोन पुरतात. आणि ‘सगळा डेटा पेनड्राइव्हवर टाकून द्या’ या मागणीला आधीच उत्तर ठरवून ठेवा. रॉ फाइल म्हणजे अर्धं काम. ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडून भडक होऊन बाहेर आली तर नाव तुमचंच जातं. द्यायची असेल तर तिचा वेगळा भाव.

मग घासाघीस. ती होणारच, आणि तिचा राग येऊ देऊ नये. ‘सर, बजेट थोडं टाइट आहे’, ‘पुढे आपल्याकडे भरपूर काम आहे’, ‘अमुक जण तर निम्म्यात करतात’ ही वाक्यं सगळ्यांच्या कानांवरून गेलेली आहेत. पुढच्या कामाच्या आशेवर या कामाचा दर उतरवला, तर पुढचं कामही उतरलेल्याच दरात येतं, कारण तोच तुमचा दर म्हणून नोंदला जातो. सवलत द्यायचीच असेल तर ती पुढच्या कामावर द्या, ते काम आल्यावर. आणि आज पैसे कमी असतील तर काम कमी करा. बाराऐवजी आठ आयटम, दोन वर्षांऐवजी एक, मॉडेल नको, नुसते हात दाखवू. ‘फी तीच राहील ताई, पण एवढ्या पैशात काय-काय बसेल ते सांगतो’ या बोलण्यात भांडण नाही आणि माघारही नाही. ‘निम्म्यात करणारे’ खरंच असतात. त्यांच्याकडे जाऊ द्यावं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी अजून दिवस मोजलेले नाहीत.

एक-दोन कामं कमी पैशात करण्यासारखी असतातही. सुरुवातीला नमुने हवेत म्हणून, ओळखीच्या बचत गटाच्या पापडांसाठी, किंवा एखादा विषयच मनात भरला म्हणून. तेव्हाही बिल पूर्ण रकमेचं करावं आणि सवलत त्यात वेगळी ओळ घालून दाखवावी. म्हणजे तुमचा खरा दर काय, हे त्या कागदावर राहतं.

शेवटी पैसे हातात येणं. फोटो आवडले, पॅकिंग छापून झालं, माल बाजारात गेला आणि अकाउंट्सवाले ‘पुढच्या सोमवारी बघतो’वर अडकले, हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं. यावर हातात असलेलं एक चांगलं हत्यार फोटोग्राफर मंडळी फारशी वापरत नाहीत. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. तुमची ‘उद्यम’ नोंदणी असेल तर ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सूक्ष्म व लघू उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. शिवाय करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून सूक्ष्म आणि लघू उद्योगांची देणी या मुदतीत न भरणाऱ्या व्यवसायाला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले, त्या वर्षीच मिळतो. मार्च जवळ आला की कंपन्यांचे सीए स्वतःच अशा बिलांची यादी मागतात. त्या यादीत आपलं बिल असावं म्हणून उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा, आणि नोंदणी कामाच्या आधीची असू द्या, नंतरची नको. ती आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.